बिनचांदण्यांचे निरोप

कऱ्हाडच्या डॉ. शर्वरी देशिंगकर यांना सकाळी दवाखाना उघडल्यावर पेशंटांचे मेसेज वाचावे लागत नसत, नुसते बघितले तरी पुरे होई. 'डॉक्टर, दाढ जरा दुखतेय' असं साधं लिहून आलं, तर तो माणूस संध्याकाळी आला तरी चालण्यासारखा असे. 'डॉक्टर, दाढ *जरा* दुखतेय' असं आलं, तर त्याला दुपारच्या आत बोलवायचं. आणि '**जरा**' असं दोन-दोन चांदण्यांच्या मध्ये बसून आलं, तर समजायचं की गडी गाल धरून बसलेला आहे आणि बायकोपुढे शोभा नको म्हणून 'जरा' म्हणतो आहे. त्याला आधी खुर्चीत घ्यायचं.

चांदणी म्हणजे तारकाचिन्ह. पूर्वी लोक ती आपल्या हातानेच टाकत. इंग्रजीला ओरडायला मोठी अक्षरं तरी होती. आपल्या लिपीत लहान-मोठं काही नाही, तेव्हा आपण ओरडायचं कसं? मग कुणी उद्गारचिन्हांची रांग लावी, कुणी 'खूऊऊप' म्हणून शब्दच ताणी, आणि कुणी शब्दाच्या दोन्ही अंगांना चांदण्या लावी. साध्या मजकुरात ठळक, तिरकं काही टिकत नाही. चांदणी टिकते, कारण तीही अक्षरासारखीच. मनगटावरच्या घड्याळात जाते आणि बटणांच्या जुन्या फोनवरही उमटते. पण फुकटच्या वस्तूची उधळण व्हायचीच. सोसायटीच्या ग्रुपवर टाकी धुण्यापासून हरवलेल्या मांजरापर्यंत सगळंच *अत्यंत महत्त्वाचं* झालं आणि चांदणीला कुणी विचारेनासं झालं.

अशा वेळी 'ठसा' आला. ठसा हा फोनमधला कळफलक. बोट काचेवर किती जोराने टेकतं, किती वेळ टेकून राहतं, एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना किती अडखळतं, हे तो मोजतो. पहिल्या पंधरवड्यात तो माणसाची नेहमीची पातळी शिकून घेतो, आणि मग त्या पातळीपेक्षा बोट जिथे जास्त दाबलं जाईल, थरथरेल किंवा थबकेल, तिथे स्वतः चांदणी टाकतो. माणसं बदलतात, वय होतं, म्हणून दर पंधरवड्याला ही पातळी तो नव्याने ठरवतो. हाताने टाकलेली चांदणी तो पुसून टाकतो. मजकूर दुसरीकडून आणून चिकटवला तर खाली 'चिकटवलेलं' अशी नोंद येते, दुसऱ्याने लिहिलं तर 'बोट वेगळं' आणि बंद करून लिहिलं तर 'ठसा बंद'. थोडक्यात काय, तोंडाने थापा मारता येतात, बोटाने नाही, अशी जाहिरात होती आणि ती लोकांना पटली. लग्नं जमवताना ठसा सुरू आहे ना, हे आधी विचारू लागले. हळूहळू सगळ्यांना चांदण्या वाचायची सवय लागली, आणि मधले शब्द वाचायची सवय गेली. हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शर्वरीच्याही आलं नाही. तिची धाकटी बहीण जुई लग्न करून पुण्याला गेली, तेव्हा पहिले काही महिने तिच्या मेसेजांत चांदण्यांचा नुसता सडा असायचा. 'ताई, **ऐक** ना', 'इथे *खूप* एकटं वाटतं', 'अद्वैत *रागावला* आज'. शर्वरीचा जीव थोडा थोडा व्हायचा. मग चांदण्या विरळ झाल्या, आणि गेल्या चार-सहा महिन्यांत तर एकही नाही. पोरगी रमली, असं शर्वरीने आईला सांगितलं. दोघींनी मिळून सुटकेचा निःश्वास टाकला होता.

त्या बुधवारी दुपारी जेवताना जुईचा मेसेज आला. आईचे डोळे अधू झालेले, म्हणून शर्वरी नेहमीप्रमाणे वाचून दाखवू लागली. "ताई, इकडे सगळं छान आहे. अद्वैत माझी खूप काळजी घेतो. आईला सांग, गोळ्या वेळेवर घे. जाते."

"चांदण्या?" आईने विचारलं. तिलाही आता तेवढं कळत होतं.

"एक पण नाही. मजेत आहे."

आईचा हात ताटावरच थांबला. "शेवटी काय म्हणाली?"

"जाते."

"नीट बघ. येते असेल."

शर्वरीने नीट बघितलं. जाते असंच होतं, स्वच्छ, कुठेही न अडखळता लिहिलेलं.

"आपल्यात कोण म्हणतं गं असं?" आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "दारातून कोपऱ्यापर्यंत निघालं तरी येते म्हणायचं. जाणारा तो एकदाच जातो. सात वर्षांची असताना ती शाळेला निघताना जाते म्हणाली, तर मी तिला परत घरात घेतलं होतं, पाणी दिलं होतं आणि पुन्हा येते म्हणायला लावून पाठवलं होतं. ती विसरायची नाही."

"अगं, घाईत लिहिलं असेल."

"मग तुझी ती चांदणी का नाही आली?"

शर्वरीने हात धुतले, फोन घेऊन खिडकीशी बसली आणि जुईचे मागचे मेसेज उघडले. चांदण्या नव्हत्याच, त्यामुळे या वेळी तिला शब्द वाचावे लागले.

'हल्ली मला बाहेर जावंच लागत नाही. किल्ली अद्वैतकडे असते, त्यामुळे हरवायची भीती नाही.'

'नोकरी सोडली ते बरं झालं. अद्वैत म्हणतो, मला माणसांत वागता येत नाही.'

'फोन अद्वैतच सांभाळतो. मेसेज करायचा असला की देतो.'

'पडले होते. चूक माझीच होती. आता बरी आहे.'

हे सगळं तिने तेव्हा वाचलं होतं. वाचून 'मस्त' असं उत्तरही पाठवलं होतं. तिने थेट फोन लावला. तो अद्वैतने उचलला.

"ताई, नमस्कार. जुई झोपली आहे," तो म्हणाला. अद्वैतचा आवाज नेहमीच मऊ आणि अदबीचा असे. लग्नात सगळ्या बायकांनी त्याचं कौतुक केलं होतं. "तुम्ही मेसेज करा ना. मी तिला दाखवतो. बोलण्यात माणूस काहीही बोलतो, खरं काय ते मेसेजमध्येच कळतं."

"उठली की फोन करायला सांगाल?"

"मेसेज करेल," तो म्हणाला. "बघितलात ना आजचा? किती शांत झाली आहे. मी रोज बघतो."

मी रोज बघतो, हे तो ज्या समाधानाने म्हणाला ते ऐकून शर्वरीने फोन ठेवला.

आधारवेल नावाची एक खाजगी मदतसेवा होती. छळाच्या तक्रारी आल्या की त्यांची माणसं पोलिसांना घेऊन घरी जात. शर्वरीने तिथे जुईचे मेसेज पाठवले आणि मागोमाग फोन केला. पलीकडची बाई सौजन्याने बोलली. "मॅडम, मी तुमच्या बहिणीचे सगळे मेसेज लावून बघितले. ताण कुठेच दिसत नाही. आमच्याकडे काय काय येतं तुम्हाला माहीत नाही, एकेका वाक्यात दहा-दहा चांदण्या असतात. आधी तिकडे धावावं लागतं."

"अहो, पण शब्द वाचा ना."

"मॅडम, एक तरी चांदणी दाखवा. मी लगेच माणूस पाठवते."

फोन ठेवल्यावर शर्वरी बराच वेळ दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. गेल्याच आठवड्यात त्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. दाढ मुळापासून सडलेली, आणि ते म्हणत होते, दुखत नाही हो डॉक्टर. वर्षभर दुखून दुखून ते दुखणं त्यांना कळेनासं झालं होतं. तो चेहरा आठवला आणि तिला एकदम सगळं उमगलं. ती धडधडत जिना चढून वर घरात आली.

"आई, ठसा भीती मोजतच नाही," ती म्हणाली. "तो फक्त फरक मोजतो. काल घाबरली नव्हतीस आणि आज घाबरलीस, तर चांदणी. पण रोज, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक अक्षराला घाबरत असलीस, तर पंधरा दिवसांनी त्याला वाटतं की ही तुझी नेहमीची पातळी. जुईच्या चांदण्या कमी झाल्या, कारण तिची भीती सुटेनाशी झाली. आपण त्याला रमली म्हणत होतो."

आईने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "तिला आणायचं कसं?"

तोच खरा प्रश्न होता. पुण्याला जाऊन थडकावं तर दार तो उघडणार, आणि नंतर ते बंद झाल्यावर काय होईल ते जुईला भोगावं लागणार. तो स्वतःहून तिला घेऊन येईल, असंच काहीतरी करायला हवं होतं. शर्वरीने अद्वैतला मेसेज लिहायला घेतला. साधासा, चार ओळींचा.

'जुईची *सहज* आठवण आली. चार दिवस पाठवता का?'

तिने पुसलं. पुन्हा लिहिलं. '**सहज** आठवण *आली*.' दात काढताना ज्या हाताची नस कधी हलली नाही, तो हात 'सहज' या तीन अक्षरांना टेकला की थरथरत होता. आपल्याच बोटांना दवाखान्यातलं बधिर करायचं इंजेक्शन घ्यावं असंही तिच्या मनात येऊन गेलं; पण बधिर बोट उलट जास्तच दाबतं, हे तिला पेशंटांनी चावलेल्या जिभांवरून माहीत होतं. आईने लिहावं तर 'बोट वेगळं' येणार. ठसा बंद करावा तर तेही येणार. आणि अद्वैत रोज बघणारा माणूस होता. त्याला एक चांदणी पुरली असती, आणि ती जुईच्या अंगावर उठली असती.

"काय होतंय?" आईने विचारलं.

"काहीही लिहिलं तरी माझी भीती दिसते."

"मग दिसू दे की," आई म्हणाली. "भीती खरीच आहे. कशाची आहे, ते थोडंच त्या यंत्राला कळतं? माझं लिही."

"तुझं काय?"

"मी जातेय असं लिही."

शर्वरीने चमकून वर बघितलं. या बाईने जन्मात कधी अभद्र शब्द घरात येऊ दिला नव्हता. मीठ संपलं तरी वाढलं म्हणायची. तीच आता भिंतीला टेकून, जपमाळ बाजूला ठेवून, स्वतःचं मरण सांगत होती.

"आई, नको असं."

"लिही गं. उशीर करू नकोस."

शर्वरीने लिहिलं. या वेळी तिने बोटांना आवरलं नाही. 'अद्वैत, आईचं काही खरं नाही. जिना चढवत नाही म्हणून दवाखान्यातच खाली ठेवलंय. जुई जुई करतेय. *उद्या सकाळी* घेऊन या, उशीर नको.' पाठवल्यावर ती रडायला लागली आणि आईने तिला थोपटलं.

उत्तर लगेच आलं. 'ताई, धीर धरा. आम्ही निघतो सकाळी.' त्यात एकही चांदणी नव्हती. अद्वैतच्या मेसेजांत ती कधीच नसे, आणि इतके दिवस शर्वरी त्याला शांत स्वभावाचा समजत आली होती.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दामच सगळ्या पेशंटांना एकाच वेळी बोलावून ठेवलं. बाकं भरली, काहीजण दारात उभे राहिले, कुरकुर सुरू झाली. दहाच्या सुमारास अद्वैतची पांढरी गाडी दारात थांबली. जुई उतरली ती त्याच्या मागे एक पाऊल ठेवून. ती वाळली होती, पण नीटनेटकी होती; केस विंचरलेले, साडीला इस्त्री. गर्दी बघून अद्वैत क्षणभर घुटमळला.

"आई कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"आत. एका वेळी एकालाच सोडते," शर्वरी म्हणाली. तिने जुईचं मनगट धरलं, आत नेलं आणि दार लावलं. आई खुर्चीत बसली होती, चांगली ताठ. तिला तशी बघून जुई ना हसली ना रडली. तिने आधी दाराकडे बघितलं.

"ताई, हे आतून लागतं ना?"

शर्वरीने कडी लावून दाखवली. मग जुई खाली जमिनीवरच बसली आणि तिने आईच्या मांडीवर डोकं टेकलं.

"बाळा, तू ते जाते लिहिलंस ना, म्हणून आम्हाला कळलं," आई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "शहाणी माझी."

जुईने मान वर केली. तिला आठवायला वेळ लागला. "मी काही कळावं म्हणून नव्हतं लिहिलं," ती म्हणाली. "मी खरंच निघाले होते."

कुठे, हे विचारायचं धाडस शर्वरीला झालं नाही. त्यांचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता, एवढं तिला माहीत होतं. आईचा हात केसांवर तसाच थांबला होता.

शर्वरी बाहेर आली. बाकावरची सगळी माणसं तिच्याकडे बघत होती आणि तिला तेच हवं होतं. "अद्वैत, जुई इथेच राहील," ती मोठ्याने म्हणाली. "आता तिला परत पाठवणार नाही."

बाकांवरची कुरकुर थांबली. अद्वैतने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग तो हसला, वाकून त्याने शर्वरीला नमस्कार केला, आणि कुठल्याही घरचा जावई निरोप घेताना म्हणतो तेच म्हणाला.

"बरं, ताई. येतो मी."

दारातल्या एका म्हाताऱ्या बाईने तर त्याला वाट करून दिली, काय सालस पोरगा आहे अशा नजरेने. तो शब्द कानात शिरल्यावर शर्वरीला घोटभर पाणी प्यावंसं वाटलं, पण ग्लास उचलायला हात पुढे होईना.

आणि तो येत राहिला. त्याने काहीच केलं नाही. पांढरी गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर उभी राही, काच वर असे, कधी सकाळी, कधी दुपारी, आणि मग निघून जाई. पहिल्या दिवशी शर्वरीने आधारवेलला कळवलं: 'गाडी कोपऱ्यावर *उभी* आहे, तोच आहे.' त्यांचा माणूस एका हवालदाराला घेऊन अर्ध्या तासात आला. गाडी निघून गेली होती. दुसऱ्या वेळी ते आले तेव्हा अद्वैत काच खाली करून त्यांच्याशी नीट बोलला. रस्ता सरकारी आहे, मी बायकोची वाट बघतोय. त्यानंतर दोन-तीन आठवडे शर्वरी रोज कळवत राहिली. ती खिडकीतून कोपरा बघून मगच दात घासायची, दवाखान्यात दार वाजलं की तिचा हात पेशंटच्या तोंडातून आधी बाहेर यायचा. आईला आणि जुईला ती काही दाखवत नव्हती. माणसाला कशाचीही सवय होते, असं स्वतःला समजावत होती.

जुई मात्र हळूहळू खाऊ लागली होती. शर्वरीने तिला नवा फोन घेऊन दिला होता; त्यावर ठसा तिच्या जुन्याच खात्याने, जुन्याच पातळीवरून सुरू झाला होता. एका दुपारी वरच्या खोलीतून तिचा मेसेज खाली आला: 'ताई, आमटीत *गूळ* किती घालू?' शर्वरी ती चांदणी बघून पेशंटसमोरच रडली. गुळासाठी का होईना, बोट अडखळलं होतं. नेहमीची पातळी खाली येत होती.

त्याच आठवड्यात गाडी पुन्हा आली. या वेळी ती कोपऱ्यावर थांबली नाही. दवाखान्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि तिचं दार उघडलं. दुपारची वेळ होती, पेशंट कुणी नव्हते. शर्वरीने खालचं दार लावलं, वर धावत आली आणि आधारवेलला लिहिलं.

'तो गाडीतून उतरला आहे. दारात आला आहे. लगेच या.'

उत्तर यायला वेळ लागला नाही, कारण ते माणसाने लिहिलेलंच नव्हतं. 'आपला निरोप मिळाला. आपली मनःस्थिती आता सामान्य असल्याचे पाहून आनंद झाला. आमचे प्रतिनिधी सवडीने संपर्क साधतील.'

तिला कळेना. तिने आपला मेसेज पुन्हा बघितला. सगळे शब्द होते. चांदणी एकही नव्हती. तिने तो पुन्हा लिहिला, बोट दाबून, दाबून, काच तडकेल इतकं दाबून. पण इतके दिवस ती असंच दाबत आली होती आणि ठशाने ते शिकून घेतलं होतं. ओळ पुन्हा तशीच गेली, बाजारातून काय आणायचं ते कळवावं तशी. खाली कुणीतरी दार वाजवत होतं, शांतपणे, थांबून थांबून.

जुई तिच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने खांद्यावरून वाकून तो मेसेज वाचला.

"माझं पण असंच झालं होतं, ताई," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, आता मला भीती वाटत नाही."

शर्वरीने फोन तिथेच टाकला. समोरच्या घरातले कदमकाका, वाण्याच्या दुकानातली माणसं, रिक्षावाले, कुणीही ऐकलं तरी चाललं असतं. दवाखान्यात पेशंटला आ करा म्हणतानाही जिचा आवाज कधी चढला नव्हता, तिने खिडकी सताड उघडली आणि घसा फाटेपर्यंत ओरडायला सुरुवात केली.